म्हैस व्यायला आली की : सीमाभागातील नव्या पशुपालकांसाठी मार्गदर्शक

महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरील निपाणी-चिकोडीचा उसाचा पट्टा असो की खानापूरच्या डोंगराकडच्या वाड्या, नव्याने म्हशी घेणाऱ्या माणसाचे सगळे लक्ष सुरुवातीला दुधाच्या मापावर असते आणि ते स्वाभाविकच आहे. परंतु म्हैस त्या वेतात किती दूध देईल, पुढे वेळेवर गाभण राहील का आणि रेडकू जगेल का, या तिन्ही गोष्टी बहुतांशी विण्याआधीच्या दोन महिन्यांत आणि व्याल्यानंतरच्या पहिल्या काही तासांत ठरून जातात. या काळात नवखा पशुपालक दोन चुका हमखास करतो. म्हैस कळा देऊ लागली की तो घाबरून घाई करतो, हात घालतो, पाय दिसताच ओढू लागतो. आणि रेडकू एकदा जमिनीवर आले की निवांत होऊन, जार (रेडकामागून पडणारी वार) पडेपर्यंत चीक (व्याल्यावरचे पहिले घट्ट दूध) काढायचा नाही असे म्हणत तासन् तास बसून राहतो. प्रत्यक्षात विताना धीर हवा आणि व्याल्यावर घाई हवी. पुढील सूचना याच क्रमाने, गाभणपणाच्या शेवटापासून रेडकू दोन-तीन महिन्यांचे होईपर्यंत, दिल्या आहेत.

तारीख लिहून ठेवणे आणि म्हैस आटवणे

म्हशीचा गाभणकाळ सरासरी ३१० दिवसांचा, म्हणजे दहा महिने आणि वर काही दिवस असतो. गाईचा सुमारे २८० दिवसांचा. दोन-चार दिवस ते आठवडाभर मागेपुढे होणे नेहमीचेच आहे. रेतन १५ नोव्हेंबरला झाले असेल तर म्हैस साधारण २१ सप्टेंबरच्या आसपास व्यायला येईल. आपल्याकडे बहुतेक म्हशी थंडीच्या महिन्यांत माजावर येऊन गाभण राहतात, त्यामुळे विण्याचा मुख्य हंगाम ऑगस्टपासून डिसेंबरपर्यंत चालतो, म्हणजे खानापूर-कणकुंबीकडे ऐन पावसात सुरू होतो आणि निपाणी, हुक्केरी, अथणीकडे ऊसतोडीत जाऊन मिसळतो. या दोन्ही गोष्टींचे परिणाम पुढे येतील. रेतनाची तारीख गोठ्याच्या भिंतीवर खडूने लिहिण्यापेक्षा वहीत लिहावी, कारण भिंतीला पोतेरे मारले की तारीख जाते, आणि मग पोट पाहून अंदाज बांधण्याची वेळ येते.

अपेक्षित तारखेच्या ६० दिवस आधी म्हैस पूर्ण आटवावी, म्हणजे तिचे दूध बंद करावे. दूध चालू आहे म्हणून शेवटपर्यंत धार काढणाऱ्याला पुढच्या वेतात त्याची भरपाई करावी लागते: कासेला विश्रांती मिळत नाही, चीक पातळ व कमी येतो आणि रेडकू अशक्त निपजते. दूध कमी असेल तर धार एकदम बंद करता येते. जास्त असेल तर आधी खुराक कमी करून आठवडाभरात आटवावे. शेवटची धार काढल्यावर सडांत सोडण्याची औषधाची नळी जनावरांच्या डॉक्टरांकडून सोडवून घेतल्यास भाकडकाळात, म्हणजे दूध नसलेल्या दिवसांत, कासदाह लपून राहण्याचा धोका पुष्कळ कमी होतो.

भाकडकाळातील वैरण आणि उसाच्या वाड्याचा प्रश्न

पोटातल्या रेडकाची मोठी वाढ शेवटच्या दोन-अडीच महिन्यांत होते, म्हणून दूध नसले तरी या काळात म्हशीला अर्धपोटी ठेवू नये. शाळूचा कडबा, हिरवी मका किंवा हत्तीघास आणि दिवसाला दोन किलोच्या आसपास खुराक, म्हणजे सरकी पेंड, मक्याचा भरडा, तुरीची चुणी असे मिश्रण, एवढे साधारण पुरते. शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत खुराक थोडा थोडा वाढवावा, म्हणजे व्याल्यावर मिळणाऱ्या जास्त खुराकाची पोटाला सवय होते. खनिज मिश्रण रोज ५० ग्रॅमच्या आसपास द्यावे.

उसाच्या पट्ट्यात ऊसतोड सुरू झाली की वाडे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, स्वस्तात, कधी फुकटही मिळते आणि दावणीत दुसरे काही दिसेनासे होते. वाडे वाईट नाही, पण त्यातील ऑक्झॅलेट कॅल्शियमला बांधून टाकते आणि त्यात स्फुरदही (फॉस्फरस) कमी असते. केवळ वाड्यावर ठेवलेल्या गाभण म्हशीला व्याल्यानंतर जे त्रास होतात, त्यांचे मूळ पुष्कळदा इथे असते. वाडे निम्म्यापेक्षा जास्त होऊ देऊ नये, उरलेला भाग कडबा व हिरव्या चाऱ्याने भरून काढावा आणि खनिज मिश्रण चुकवू नये. खानापूरकडे हीच गोष्ट भाताच्या पिंजराबाबत लागू आहे: पिंजराने पोट भरते, पोषण होत नाही. मात्र कॅल्शियम कमी पडते असे ऐकून विण्याच्या आदल्या दोन आठवड्यांत बाटलीतले पातळ कॅल्शियम पाजण्याचा उत्साह कोणी दाखवू नये. त्या दिवसांत बाहेरून कॅल्शियमचा मारा झाला, तर हाडांतील साठा मोकळा करण्याची शरीराची यंत्रणा सुस्तावते आणि चिकाबरोबर कॅल्शियम भराभर बाहेर जाऊ लागते तेव्हा म्हैस कोसळते. कॅल्शियम पाजायचे ते व्याल्यानंतर.

गोठ्याचा उतार हा बारीक वाटणारा, पण गाभण म्हशीसाठी महत्त्वाचा भाग आहे. मूत्र वाहून जावे म्हणून फरशी मागच्या बाजूला उतरती केलेली असते. शेवटच्या महिन्यात बसलेल्या म्हशीचे सगळे वजन त्यामुळे मागे ढकलले जाते आणि काही म्हशींचे अंग (योनीचा आतला भाग) बाहेर दिसू लागते. अशा म्हशीची मागची बाजू माती किंवा पाचट टाकून पुढच्यापेक्षा वीतभर उंच करावी, एकदम पोटभर चारा देण्याऐवजी थोडा थोडा द्यावा आणि बाहेर आलेला भाग स्वच्छ थंड पाण्याने धुऊन ओल्या स्वच्छ फडक्याने झाकून डॉक्टरांना बोलवावे. कुत्री व कावळे त्या भागापर्यंत पोहोचणार नाहीत, एवढी राखण करावी.

विण्याची जागा आणि हाताशी ठेवायच्या वस्तू

तारखेच्या १५ दिवस आधी म्हैस इतर जनावरांपासून वेगळी, मोकळ्या व कोरड्या जागी बांधावी. घसरत्या फरशीवर म्हैस विऊ देऊ नये; खाली पाचट, पिंजर किंवा भुसकट यांचा जाड थर असावा आणि तो रोज बदलावा. जांबोटी-कणकुंबी भागात सप्टेंबरपर्यंत गोठ्यात ओल राहते, म्हणून तिथे हा थर दिवसातून दोनदा बदलावा लागला तरी कंटाळू नये, कारण ओल्या शेणात जन्मलेल्या रेडकाच्या बेंबीतून जंतू आत जातात. रानात चरायला सोडण्याची पद्धत असलेल्या गावांत शेवटच्या महिन्यात म्हैस घरीच ठेवावी. रानात व्यालेल्या म्हशीजवळ माणूस वेळेवर पोहोचत नाही, बिबट्या मात्र पोहोचू शकतो. दूधगंगा, वेदगंगा आणि कृष्णेच्या काठच्या गावांनी ऑगस्ट २०१९ चा पूर पाहिला आहे. तिथे पाणी वाढू लागताच दिवस भरलेली म्हैस सर्वांत आधी उंचावर हलवावी, कारण कळा सुरू झालेले जनावर ट्रॉलीत चढवणे फार कठीण असते.

टिंक्चर आयोडीन, नवे ब्लेड, उकळून घेतलेला जाड दोरा, अंगाचा साबण, दोन स्वच्छ बादल्या, सुती फडकी व कोरडी पोती, हातमोजे, रेडकाला पाजण्याची बाटली आणि चार्ज केलेली बॅटरी (टॉर्च) एका डब्यात तयार ठेवावी. त्या डब्याच्या झाकणावर जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याचा क्रमांक आणि फिरत्या पशुचिकित्सा वाहनासाठीचा १९६२ हा क्रमांक लिहावा. फोन करताना आधी जिल्हा व तालुका सांगावा. सीमेवर एकाच नावाची गावे दोन्ही बाजूंना असतात. डॉक्टर कन्नड बोलणारे असतील आणि आपले कन्नड तोडकेमोडके असेल, तर कानातल्या बिल्ल्याचा १२ अंकी क्रमांक, रेतनाची तारीख आणि कळा सुरू झाल्याची वेळ आकड्यांत लिहून समोर धरावी. निम्मे काम तिथेच होते.

विण्याची लक्षणे आणि धीर धरण्याचे तास

शेवटच्या एक-दोन आठवड्यांत कास भरते, निरण (योनीमुख) सुजून सैल होते आणि शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंना खळगे पडतात. सड ताठ झाले, चिकट पारदर्शक स्राव लोंबू लागला, म्हैस चारा सोडून ऊठबस करू लागली आणि वारंवार थोडे थोडे मूत्र टाकू लागली, की बहुधा दिवसभरात ती विते. पहिलारूच्या (पहिल्यांदाच विणाऱ्या म्हशीच्या) वेळी ही अस्वस्थता जास्त वेळ टिकते. या अवस्थेत गर्दी हटवावी, पाणी जवळ ठेवावे आणि लांबून लक्ष ठेवावे. माणसांचा गोंगाट झाला की म्हैस कळा थोपवून धरते, हे ज्याने एकदा पाहिले आहे तो पुन्हा शेजाऱ्यांना गोळा करत नाही.

त्यानंतर पाणमोट (गर्भजलाची पिशवी) दिसते. ती हाताने फोडू नये. मोट आपोआप फुटल्यावर पुढचे दोन पाय, तळवे जमिनीकडे असलेले, आणि त्यांवर टेकलेले नाक असे दिसले, तर रेडकू सरळ आहे असे समजावे. जाणती म्हैस तासाभरात, पहिलारू साधारण दोन तासांत मोकळी होते. मदत करायचीच झाली तर हात साबणाने कोपरापर्यंत धुऊन, म्हशीने कळ दिली तेव्हाच, आधी एक पाय मग दुसरा असे किंचित पुढेमागे करत, मागच्या पायांच्या दिशेने खाली ओढावे. कळ थांबली की आपणही थांबावे. चार माणसांनी दोर लावून सलग ओढल्याने रेडकाचे पाय आणि म्हशीचे अंग दोन्ही फाटतात.

पुढील परिस्थितीत मात्र वाट न पाहता डॉक्टरांना बोलवावे. मोट फुटून तास उलटला आणि काहीच पुढे सरकले नाही. एकच पाय दिसतो. दोन पाय आहेत पण नाक नाही. फक्त शेपूट दिसते. किंवा पायांचे तळवे वर आहेत, म्हणजे बहुधा मागचे पाय आधी आले आहेत. आणखी एक प्रकार म्हशींमध्ये गाईंपेक्षा जास्त आढळतो आणि नवख्याच्या तो लक्षातच येत नाही: दिवस भरलेली म्हैस पोटात दुखल्यासारखी पाय झाडते, ऊठबस करते, थोड्या कळा देते आणि मग शांत होते, मोट दिसतच नाही, आणि मालक अजून वेळ आहे असे समजून झोपी जातो. हा बहुधा गर्भाशयाला पडलेला पीळ असतो. डॉक्टर म्हशीला विशिष्ट बाजूला लोळवून तो सोडवू शकतात, परंतु जितका उशीर तितके रेडकू आणि म्हैस दोन्ही हातची जाण्याची शक्यता वाढते. अशा वेळी कळा वाढवण्यासाठी कोणाच्या सांगण्यावरून परस्पर इंजेक्शन देणे फार धोक्याचे आहे; पीळ असताना कळा वाढवल्या तर गर्भाशय फाटू शकते.

मुऱ्हा वळूच्या रेतनातून होणारे रेडकू अंगाने मोठे असू शकते. म्हणून लहान चणीच्या धारवाडी किंवा पंढरपुरी वगारीला (अजून न व्यालेल्या तरुण म्हशीला) पहिल्या वेळी कोणत्या वळूचे रेतन करावे, हे डॉक्टरांना आधीच विचारलेले बरे.

रेडकू जमिनीवर आल्यावर

आता घाई करायची. नाकातोंडातील चिकट स्राव बोटांना फडके गुंडाळून काढावा. रेडकू श्वास घेत नसेल तर स्वच्छ काडी नाकपुडीत हळू फिरवावी, डोक्यावर थंड पाणी शिंपडावे आणि कोरड्या पोत्याने छातीच्या दोन्ही बाजू जोराने चोळाव्या. मागचे पाय धरून फार वेळ उलटे टांगू नये. त्याने पोटातील अवयवांचा दाब फुप्फुसांवर येतो. रेडकू हुंकारले की म्हशीपुढे ठेवावे आणि तिला चाटू द्यावे, कारण चाटण्याने रेडकाचे अंग कोरडे होते, रक्त खेळते आणि म्हशीलाही पान्हा फुटतो. डिसेंबरात बेळगावची पहाट बोचरी असते. तेव्हा चाटून झाल्यावरही कोरड्या पोत्याने पुसून वाऱ्याच्या आडोशाला बसवावे.

नाळ आपोआप तुटली नसेल तर पोटापासून दोन इंचांवर आयोडीनमध्ये बुडवलेल्या दोऱ्याने बांधून, त्याच्या खाली नव्या ब्लेडने कापावी. वाटीत टिंक्चर आयोडीन घेऊन बेंबी पूर्ण बुडवावी आणि पुढचे तीन दिवस सकाळ-संध्याकाळ तसेच करावे. हळद, शेण किंवा राख लावू नये. बेंबी पिकली की काही दिवसांनी गुडघे सुजलेले, लंगडणारे रेडकू दिसते, आणि त्या दोन्ही गोष्टींचे नाते मालकाच्या सहसा लक्षात येत नाही.

यानंतरचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा. म्हशीच्या पोटात असताना आईची रोगप्रतिकारशक्ती रेडकाला रक्तातून मिळत नाही. ती फक्त चिकातून मिळते, आणि तीही रेडकाचे आतडे ती जशीच्या तशी शोषून घेऊ शकते तेवढ्याच काळात. ही क्षमता पहिल्या सहा तासांत सर्वांत जास्त असते, नंतर झपाट्याने घटते आणि २४ तासांनी जवळपास संपते. म्हणून कास कोमट पाण्याने धुऊन, प्रत्येक सडाच्या पहिल्या एक-दोन धारा टाकून देऊन, जन्मानंतर तासाभरात, फार तर दोन तासांत, रेडकाला चीक मिळालाच पाहिजे. पहिल्या दिवसाचे माप रेडकाच्या वजनाच्या दहाव्या भागाएवढे धरावे. ३० किलोच्या रेडकाला तीन लिटर, तीन-चार वेळांत विभागून, त्यातील निम्मा भाग पहिल्या काही तासांत. रेडकू उभे राहून पीत नसेल तर बाटलीने पाजावे, मान फार वर न उचलता, म्हणजे चीक श्वासनलिकेत जाणार नाही.

जार पडल्याशिवाय सडाला हात लावायचा नाही, ही समजूत अजूनही अनेक घरांत पक्की आहे आणि वडीलधाऱ्या मंडळींपुढे बोलणे अवघडही जाते. त्यांना एवढेच सांगावे की रेडकू ढुशा देऊन पिऊ लागले की म्हशीच्या शरीरात जो पान्ह्याचा स्राव सुटतो, तोच गर्भाशयालाही आकुंचित करतो; म्हणजे चीक पाजल्याने जार पडायला मदतच होते. घरात खरवसाची वाट पाहणारेही असतात. पहिल्या दिवशी रेडकाचे पोट भरून उरेल तोच चीक चुलीकडे जावा, आणि शक्य असल्यास त्यातलाही लिटर-दोन लिटर बाटलीत भरून बर्फाच्या कप्प्यात ठेवावा. दुसऱ्या एखाद्या म्हशीला चीक आला नाही किंवा ती दगावली, तर तो चीक उकळत्या नव्हे, कोमट पाण्यात बाटली ठेवून वितळवून पाजता येतो.

जार आणि व्यालेली म्हैस

जार साधारण सहा ते आठ तासांत पडतो. पडताच तो उचलावा, म्हशीला खाऊ देऊ नये आणि चुना टाकून खोल पुरावा. १२ तासांपर्यंत पडला नाही तर डॉक्टरांना कळवावे. लोंबणाऱ्या जाराला वीट किंवा दगड बांधणे आणि हाताने ओढून काढणे या दोन्ही पद्धतींनी गर्भाशयाला इजा होते आणि म्हैस पुढे महिनोन् महिने गाभण राहत नाही. जार, गर्भजल किंवा गाभडलेले (दिवस भरण्याआधी पडलेले) रेडकू हाताळताना हातमोजे घालणे ही हौस नव्हे. सांसर्गिक गर्भपात, म्हणजे ब्रुसेलोसिस, माणसालाही होतो. शेवटच्या महिन्यांत म्हैस गाभडली असेल तर विशेष जपावे आणि दूध नीट उकळल्याशिवाय घरात कोणालाही देऊ नये.

म्हशीला कोमट पाणी, गूळ घालून शिजवलेली बाजरी आणि सुका-हिरवा चारा द्यावा. जास्त दुधाच्या म्हशीची पहिले दोन-तीन दिवस कास पूर्ण पिळून रिकामी करू नये. याच काळात, बहुधा व्याल्यापासून तीन दिवसांत, म्हैस अडखळू लागली, कान गार पडले, बसली ती उठेना आणि मान वळवून कुशीवर टेकवली, तर तो दुग्धज्वर समजून लगेच डॉक्टर बोलवावे. शिरेतून कॅल्शियम दिल्यावर मेल्यासारखी पडलेली म्हैस पुष्कळदा तासाभरात उठून उभी राहते. मात्र ते काम डॉक्टरांचेच, कारण वेगाने दिलेले कॅल्शियम हृदय बंद पाडू शकते. डॉक्टर येईपर्यंत तिला एका कुशीवर पसरू न देता छातीवर टेकवून बसते ठेवावे आणि तोंडाने काहीही पाजू नये. दोन ते चार आठवड्यांनी मूत्र कॉफीच्या रंगाचे दिसू लागले, तर ते स्फुरद कमी पडल्याचे लक्षण असू शकते आणि केवळ वाड्यावर असलेल्या म्हशीत ते आधी तपासावे. यात रक्त इतक्या वेगाने कमी होते की उद्यावर टाकण्यासारखी ही गोष्ट नाही. पहिले दहा-पंधरा दिवस लालसर मैली (गर्भाशयातील स्राव) पडणे नेहमीचे आहे. तिला घाण वास येऊ लागला किंवा ताप आला तर उपचार हवेत.

डेअरीला दूध पाच दिवसांनंतरच घालावे. चिकाचे दूध मिसळले तर तापवताना सगळा कॅन फाटतो.

रेडकाचे पुढचे आठवडे

पहिला महिनाभर रोज वजनाच्या दहाव्या भागाएवढे दूध, शक्यतो ठरलेल्या वेळी, द्यावे. पहिल्या आठवड्यापासून स्वच्छ पाणी समोर असावे, दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून मूठभर खुराक आणि कोवळा चारा चघळू द्यावा. म्हशीच्या रेडकांत एका गोल जंताची लागण आईच्या दुधातूनच होते. मातकट-पांढरी, दुर्गंधी हगवण, फुगलेले पोट आणि राठ केस ही त्याची खूण असते, आणि कितीही स्वच्छता ठेवली तरी तो टळतोच असे नाही. म्हणून दहाव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान वजनानुसार जंतनाशकाचा पहिला डोस डॉक्टरांना विचारून द्यावा आणि पुढे सहा महिन्यांपर्यंत दर महिन्याला द्यावा. हगवण लागली की दूध बंद करण्याची रीत आहे, ती रेडकाला उपाशी मारते. दूध थोडे थोडे चालू ठेवून, दोन वेळच्या मध्ये लिटरभर कोमट पाण्यात सहा चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालून पाजावे. डोळे खोल गेले किंवा रेडकू उठेना तर सलाइन लागते.

नर रेडकाला दूध न देता मरू देण्याचा हिशेब अनेक गोठ्यांत मूकपणे चालतो. व्यवहार म्हणूनही तो फसवा आहे. रेडकू गेले की पुष्कळ म्हशी पान्हा चोरतात, मग पेंढा भरलेले भोत पुढे ठेवा, इंजेक्शन शोधा अशी धावपळ सुरू होते; त्यापेक्षा रोजचे दोन-तीन लिटर दूध स्वस्त पडते.

पारडी (मादी रेडकू) चार ते आठ महिन्यांची असताना ब्रुसेलोसिसची लस आयुष्यात एकदाच टोचली जाते, ती चुकवू नये. लाळ्या-खुरकुताची पहिली लस चार महिन्यांनंतर आणि पुढे दर सहा महिन्यांनी. घटसर्प व फऱ्याची लस दरवर्षी पावसाळ्याआधी. म्हशीकडे परत पाहायचे तर व्याल्यापासून ४५ ते ६० दिवसांत ती माजावर येऊ लागते, मात्र म्हशीचा माज मुका असतो आणि रात्री किंवा पहाटेच जास्त दिसतो, म्हणून पहाटेच्या धारेआधी बॅटरी घेऊन एकदा निरण व स्राव पाहण्याची सवय लावावी. ६० दिवसांनंतरच्या माजाला रेतन करावे, आणि ९० दिवस उलटूनही माज दिसला नाही तर गर्भाशयाची तपासणी करून घ्यावी.